तात्यांवर लिहायचंय, पण आत्याचं काय?

भांडुपहून एका छत्तीस वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे आजोबा (घरात सगळे त्यांना तात्या म्हणत) गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाटण तालुक्यातल्या गावी वारले. वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आलंय. त्या दिवशी कीर्तनानंतर एक स्मरणपुस्तिका वाटायचं ठरलं आणि ‘तू शिकलेली, तूच लिही’ म्हणून काम यांच्या गळ्यात पडलं. चुलतभावाने जो खर्डा पाठवला त्यात तात्या ‘थोर स्वातंत्र्यसैनिक’ आहेत, ‘मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते’ आहेत आणि १०२ वर्षांचे आहेत. आधार कार्डाप्रमाणे वय ९५ निघतं. खर्डा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला तेव्हा आत्याने (वय ६८) लिहिलं, ‘पुरस्कर्ते? मग माझी शाळा चौथीतून कुणी सोडवली तेही छापा.’ थोरल्या काकांनी (वय ७१) तिला तिथल्या तिथे गप्प केलं. वडील (वय ६२) म्हणतात, वाद नको. पत्रलेखिकेचा तात्यांवर फार जीव. तिच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांनी २००७ मध्ये दुभती म्हैस विकली होती. तिचे प्रश्न असे: गेलेल्या माणसाचं वाईट लिहावं का? नाही लिहिलं तर आत्यावर अन्याय होईल का? आणि जिने तात्यांना फक्त मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलं, तिने लिहावं तरी का?

उत्तर:

आधी वयाचा तिढा घेऊ. तो सुटण्यासारखा आहे, आणि तो सोडवताना बाकीच्या गाठीही सैल होतील असं वाटतं.

आधारवर तारीख १ जून १९३० आहे, असं तुम्ही लिहिता. १ जून दिसला की समजावं, ही तारीख आईने सांगितलेली नाही, गुरुजींनी घातलेली आहे. शाळा जूनमध्ये भरायची. पोराला दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतिथी आठवली तर आठवली, नाहीतर वय बसेल असा १ जून टाकून गुरुजी मोकळे. आपल्याकडे एका अख्ख्या पिढीचे वाढदिवस एकाच दिवशी येतात ते त्यामुळे. १०२ हा आकडा कुठून आला याचा पत्रात पत्ता नाही. शंभरी ओलांडलेली बॅनरवर बरी दिसते, एवढंच त्याचं कारण असावं.

पण तुमच्याच पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय. तात्या म्हणायचे, ‘पत्री सरकारच्या टायमाला मला मिसरूड फुटत होतं.’ हा पुरावा आहे, आधार कार्डापेक्षा चांगला. पत्री सरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार. ते सातारा भागात १९४३ ते १९४६ या काळात चाललं. १०२ खरं धरलं तर तात्या तेव्हा विशी गाठलेले गडी होते, त्यांना मिसरूड कधीच फुटून गेलेलं. आधार खरं धरलं तर सुरुवातीला जेमतेम तेरा वर्षांचे. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, १९२७-२८ च्या सुमाराचा जन्म धरला की वाक्य बरोबर बसतं. पुस्तिकेत लिहा: ‘जन्म अंदाजे १९२८, कागदोपत्री १ जून १९३०.’ यावर कुणाला हरकत असेल तर त्याने कोतवाल बुकातली नोंद काढून आणावी. हे मी चेष्टेने म्हणत नाही. कोतवाल बुक म्हणजेच गाव नमुना १४, ही जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, बऱ्याच तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात अजून सापडते. तिथे बाळाचं नाव बहुधा नसतं, ‘अमक्यास मुलगा’ एवढंच असतं, आणि जुन्या नोंदी मोडी लिपीत असल्या तर वाचणारा शोधावा लागतो. दुसरी जागा म्हणजे गावच्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर.

ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे त्यांनी आपापल्या मुलखातली न विसरता येणारी घटना धरावी. कोकणातल्या, विशेषतः रायगड-रत्नागिरीकडच्या म्हाताऱ्या माणसांना १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडालेली रामदास बोट विचारा. पुण्याकडे १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, माणदेशात आणि मराठवाड्यात १९७२ चा दुष्काळ. ‘तेव्हा तुमचं वय काय होतं’ हे विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. तेव्हा लग्न झालं होतं का, कडेवर कोण होतं, दावणीला किती जनावरं होती, हे विचारा.

स्वातंत्र्यसैनिकाचं थोडक्यात सांगते. १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले आणि केंद्राची पेन्शन योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. तात्यांच्या घरात यातलं काही नसेल तर ‘थोर’ हा शब्द काढा आणि सैनिकही काढा. तुम्ही लिहिता की भूमिगत माणसांसाठी रात्री माळावर भाकरी पोचवल्याचं ते सांगायचे. तेच लिहा, ‘असं ते सांगत’ म्हणून. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा अंधारात भाकऱ्या घेऊन निघालाय, ही गोष्ट ताम्रपटाशिवायही वाचावीशी वाटते. उलट खोटी पदवी लावली की खरी भाकरीही संशयात सापडते.

आता ज्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत तिकडे वळू.

तुम्ही एका वाक्यात उरकून टाकलंय: ‘तरुणपणी काही वर्षं मस्जिद बंदरला हमाली केली, पण ते काही एवढं महत्त्वाचं नाही, त्यांचं खरं आयुष्य गावातच गेलं.’ मला हे पटत नाही. पाटण-जावळीची पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी मस्जिद बंदर आणि दाणाबंदर सोडून सांगताच येत नाही. टोळी, मुकादम, हातातला हूक, गावकऱ्यांच्या गाळ्यात (सामाईक खोलीत) पाळीपाळीने टाकलेली वळकटी, खानावळीचं महिन्याचं देणं, आणि उरलेल्या पैशांची मनीऑर्डर. हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा झाला तो याच माणसांच्या पाठीवर, आणि त्यासाठी लढणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. तात्यांकडे माथाडी बोर्डाचा बिल्ला किंवा कार्ड असेल तर ते जपून ठेवा. कायद्याच्या आधीच ते गावी परतले असतील तर कार्ड मिळणार नाही, पण तेही कळायला हवं.

तुम्ही मनीऑर्डरच्या एका कुपनाचा फोटो पाठवलाय. मनीऑर्डर फॉर्मची ती खालची चिठ्ठी, जिच्यावर दोन ओळी लिहायची सोय असायची आणि जी पोस्टमन फाडून घरी देऊन जायचा. ट्रंकेत असा गठ्ठाच आहे म्हणता. फोटोतल्या कुपनावर लिहिलंय: ‘पत्रे घेतले का ते कळवणे. बैलास पेंड कमी करू नये.’ शिक्का पुसट आहे, पण फेब्रुवारी १९६८ वाचता येतो. तुम्ही हा फोटो तात्या किती काटेकोर होते हे दाखवायला जोडलात. मी मात्र त्या तारखेपाशी अडकले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तुमचं गाव कोयनानगरपासून लांब नाही. दगडमातीचं घर पडलं होतं, हे तुम्हीच पत्रात दुसऱ्या संदर्भात लिहिलंय. म्हणजे घर पडल्यावर दोन महिन्यांत तात्या मुंबईत होते, पाठीवर गोणी वाहत होते आणि छपराच्या पत्र्यांसाठी पैसे धाडत होते. आता घरात मागे कोण उरलं ते मोजा. आत्या आज ६८ वर्षांची, म्हणजे तेव्हा दहाची, चौथीत. थोरले काका तेरा वर्षांचे, सहावी-सातवीत. तुमचे वडील चार वर्षांचे. आजीला घराचं बांधकाम, शेत, जनावरं आणि चार वर्षांचं पोर एकटीने सांभाळायचं होतं. कुणाची तरी शाळा सुटणारच होती.

आत्याची सुटली, थोरल्या काकांची सुटली नाही.

हा माझा अंदाज आहे, तारखांवरून बांधलेला. आत्याला विचारल्याशिवाय तो खरा मानू नका. पण तो खरा निघाला तर एक काळजी घ्या. भूकंपाचा आधार घेऊन तात्यांना निर्दोष सोडवू नका. भूकंपामुळे कुणालातरी घरी राहावं लागलं, हे भूकंप सांगतो; ती आत्याच का, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. ते ठरवणारा माणूस तात्या होते, किंवा तात्या आणि आजी दोघं, आणि त्या काळात बहुतेक घरांत तसंच ठरलं असतं. ‘त्या काळात’ हे शब्द खरे आहेत, पण दहा वर्षांच्या मुलीला काळाने घरी बसवलं नव्हतं, बापाने बसवलं होतं. आणि ज्याला सांभाळायला तिला ठेवलं ते चार वर्षांचं पोर पुढे शिकलं, मुंबईला आलं, भांडुपला घर झालं. वडील ‘वाद नको’ म्हणतात त्यामागे हेही असू शकेल. आत्याकडे बघताना त्यांना ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

तुम्ही मला विचारलंत, गेलेल्याचं वाईट लिहावं का. या प्रश्नात एक गृहीतक आहे. तात्या एकतर पुरस्कर्ते होते नाहीतर शाळा सोडवणारे, आणि दोन्हींतलं एक पुसल्याशिवाय दुसरं लिहिता येणार नाही, असं तुम्ही धरून चाललात. चुलतभाऊही तेच धरून चाललाय, त्याने फक्त सोयीची बाजू घेतली. पण १९६७ मध्ये लेकीची शाळा थांबवणारा माणूस चाळिशीचा होता आणि २००७ मध्ये नातीच्या फीसाठी म्हैस विकणारा ऐंशीच्या घरातला. मध्ये चाळीस वर्षं गेली. एवढं लांब आयुष्य लाभलेल्या माणसाला एका विशेषणात बसवायला गेलं की काहीतरी बाहेर लोंबकळणारच. म्हणून विशेषणं सोडा आणि वर्षं घाला. आत्याने माझा अंदाज खरा म्हटला तर अशी: ‘१९६७: भूकंपात घर पडलं. तात्या मुंबईत हमालीला. मुलीची शाळा चौथीत सुटली.’ ‘२००७: नातीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी दुभती म्हैस विकली.’ एकाच पानावर, एकाखाली एक. टीका नाही, सफाई नाही. या दोन नोंदींच्या मध्ये तात्यांच्या मनात काय झालं असेल, ते वाचणारा समजेल. म्हैस विकताना त्यांना आत्या आठवली होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हीही त्यांच्या तोंडी तसं घालू नका. ‘पश्चात्तापाने’ असा एक शब्द लिहायचा मोह होईल. तो टाळा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता: ‘तेराव्यानंतर आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली नाही म्हणून काका तिच्यावर नाराज आहेत, पण तो वेगळा विषय आहे.’ तो वेगळा विषय नाही. ज्या महिन्यांत आत्याला ‘जमिनीवर सही कर’ म्हणून फोन जातायत, त्याच महिन्यांत तिला ग्रुपवर वाचायला मिळतं की आपले वडील मुलींच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते होते. तिचा संताप चौथीच्या वर्गाबद्दल आहेच, पण तो आज उसळला याचं कारण आजचं आहे. कायद्याचं एवढं सांगते: महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट ठेवली नाही, आणि हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. सही करायची की नाही हे आत्या ठरवेल, वकिलाला विचारून. तुम्ही त्यात पडू नका. मात्र पुस्तिकेचं आमिष दाखवून सही, किंवा सहीच्या बदल्यात पुस्तिकेत पान, असा सौदा कुणी सुचवला तर लेखनातून अंग काढून घ्या, आणि का काढलं ते सांगा. जमीन, वाटण्या, गट नंबर, कुणाच्या सह्या, यातलं काही पुस्तिकेत येता कामा नये.

तुमच्या अधिकाराची शंका मला त्यामानाने हलकी वाटली. तुम्ही तात्यांना मे महिन्यात पाहिलंत ना? मग मे महिना लिहा. तुमचं नाव घालून, तुमच्या पानावर. गुणपत्रिका आणलीस का, असं एसटीतून उतरल्या उतरल्या विचारणारे तात्या तुमचे. भाताचा तरवा उपटायला इरलं घेऊन पावसात उभे राहणारे तात्या तुम्ही पाहिलेलेच नाहीत, तेव्हा तुम्ही मुंबईला परतलेल्या असायच्या. ते ज्यांनी पाहिले त्यांच्याकडून घ्या. अडचण तेव्हा होते, जेव्हा नात सगळ्या घरादाराच्या वतीने ‘आम्हा सर्वांचे लाडके तात्या’ असं लिहायला बसते. अशा पुस्तिका मी बऱ्याच पाहिल्यात. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, दानशूर. हार घातलेला फोटो झाकला तर कुणाचे आजोबा ते ओळखू येत नाही. आत्याला त्या ‘आम्हा सर्वांचे’ मध्ये विचारल्याशिवाय बसवलं होतं, आणि तिने तेवढंच सांगितलं की मला यात धरू नका.

म्हणून पानं वाटा. थोरल्या काकांचं पान, वडिलांचं, धाकट्या चुलतीचं, तुमचं, आत्याचं. प्रत्येकाच्या खाली नाव आणि नातं. काका स्तुती लिहितील, लिहू द्या, तीही त्यांची खरी आठवण आहे. सगळ्यांचं मिळून एक मत काढायची गरजच नाही. आत्याला लिहायला सांगू नका. चौथीत शाळा सुटलेल्या बाईपुढे कोरा कागद ठेवणं बरं नाही. तिच्याकडे जा, एकट्या जा, फोनवर रेकॉर्डिंग लावा (तिला विचारून), आणि ती बोलेल तसंच, तिच्या बोलीत, उतरवा. मग तिला वाचून दाखवा. नको म्हणेल ते काढा. पूर्ण पानच नको म्हणाली तर तेही मान्य करा, फक्त मग ‘पुरस्कर्ते’ हा शब्दही पुस्तिकेत येणार नाही, एवढं काकांकडून कबूल करून घ्या.

तिला काय विचारायचं? ‘तात्या कसे होते’ असं विचारलंत तर दोन मिनिटांत संपेल, नाहीतर भांडण सुरू होईल. भूकंपाच्या पहाटे कोण कुठे झोपलं होतं ते विचारा. पत्रे कुठून आणले, कुणी चढवले. मनीऑर्डर आली की कुपन कोण वाचून दाखवायचं. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. आजीला अक्षरओळख नव्हती असं तुम्ही लिहिलंय, मग ‘बैलास पेंड कमी करू नये’ हे घरात मोठ्याने कुणी वाचलं? काका असतील, किंवा ती असेल.

मुंबईतलं काम गावच्या कामाआधी उरका. तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असणारच. त्यांच्या गाळ्यावर रविवारी सकाळी जा आणि तात्यांच्या टोळीतलं कुणी हयात आहे का ते विचारा. असेल तर नव्वदीच्या आसपासचं असेल, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नका. मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या असतील तर त्यांत नाव आणि साल मिळेल. कुपनांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावा. तात्या मुंबईत कधी होते आणि कधी नव्हते याचा तक्ता त्यातून आपोआप तयार होईल, आणि तो कुणाच्या आठवणीवर अवलंबून राहणार नाही. फोटो उन्हाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोनवर काढा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, एकदा केलं की परत निघत नाही. जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलने नावं लिहा, आणि ही नावं थोरल्या काकांना विचारा. त्यांना या कामात मानाची जागा हवीच आहे, आणि फोटोतले चेहरे ओळखणारं आता घरात दुसरं कुणी नाही.

चार महिन्यांत एवढं होईल का? होणार नाही, बहुधा. मग वर्षश्राद्धाला आठ पानांची साधी पुस्तिका काढा: एक फोटो, वंशावळ (मुलींची नावं आणि त्यांची मुलंही धरून), सालवार नोंदी, दोन-तीन कुपनं. कुठलंही विशेषण नको. पूर्ण पुस्तक पुढच्या वर्षी, सवडीने. आजकाल पन्नास प्रतीही छापून मिळतात, हजार काढून माळ्यावर टाकायची गरज नाही.

काकांशी बोलायचं राहिलं. हे काम वडिलांवर सोपवा असं मी म्हणणार होते, कारण भावाने भावाशी बोललेलं आपल्याकडे लवकर उतरतं. पण ते चार वर्षांचं पोर तेच होते, आणि या विषयावर ते आजवर काहीच बोललेले नाहीत, तेव्हा आधी त्यांच्याशी बोलायला तुम्हाला बसावं लागेल. ते तयार झाले तर दोघं मिळून काकांकडे जा. आत्याचं पान तिच्या संमतीने छपाईच्या आधी, घरी, निवांत असताना त्यांना वाचायला द्या. ग्रुपवर टाकू नका. त्यांनी एखादा तपशील चुकीचा आहे म्हटलं तर तो आत्याला विचारून दुरुस्त करा, आणि नुसतंच ‘हे नको’ म्हटलं तर त्यांना त्यांच्या पानावर त्यांची बाजू लिहायला सांगा.